क्षयरोग आरोग्यधामे, महाराष्ट्रातील

क्षयाच्या रुग्णाला महिनोन्‌महिने ठेवून घेऊन विश्रांती, मोकळी हवा, सकस आहार आणि वैद्यकीय देखरेख यांच्या आधारे उपचार करणाऱ्या संस्था. पाचगणीचे बेल-एअर, सांगली-मिरज दरम्यानचे वानलेसवाडी आणि मुंबईतील शिवडीचे महापालिका रुग्णालय ही या परंपरेची परिचित नावे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून या संस्था उभ्या राहू लागल्या आणि १९६० नंतर त्यांचे महत्त्व झपाट्याने ओसरले. ओस पडलेले क्षयरोग रुग्णालय पाहून दोन निष्कर्ष काढले जातात : एक, रोग हटला म्हणून इमारत रिकामी झाली, दोन, शासनाने वाऱ्यावर सोडले म्हणून ती पडली. दोन्ही अपुरे आहेत. उपचार रुग्णालयातून घरी गेला तो भक्कम शास्त्रीय पुराव्याच्या बळावर. मात्र रुग्णालय औषधाखेरीज जे देत होते, म्हणजे पोटभर अन्न, सक्तीची विश्रांती आणि कामातून सुटका, ते रुग्णाच्या घरी पोहोचवण्याची तजवीज झाली नाही. ही उणीव कोणती ते पालघर जिल्ह्यात, विशेषतः बोईसर-तारापूर औद्योगिक पट्ट्यात आणि जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात, नीट समजते.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले, पण निदानाला औषधाची जोड मिळायला सहा दशके लागली. डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून पदवी घेऊन परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. स्वतः डॉक्टर असूनही त्यांच्यापुढे खात्रीचा उपाय नव्हता. या पोकळीत युरोपातील आरोग्यधामांची कल्पना भारतात आली. अजमेरजवळ तिलोनिया येथे १९०६ मध्ये पहिले आरोग्यधाम निघाले. महाराष्ट्रात डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये सुमारे १,३०० मीटर उंचीवरील पाचगणीत बेल-एअर सुरू केले. मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय उभारणारे कॅनेडियन मिशनरी डॉ. विल्यम वानलेस यांच्या प्रयत्नांतून तेथे क्षयरोग्यांसाठी वेगळी संस्था निघाली आणि तिच्या परिसराला त्यांचेच नाव मिळाले. उपचार म्हणजे अंथरुणावर पडून राहणे, उघड्या व्हरांड्यातली हवा, दूध-अंडी, ठरावीक वेळी तापमानाची नोंद. पुढे फुप्फुसाला विसावा देण्यासाठी छातीत हवा भरणे आणि बरगड्या काढण्याची शस्त्रक्रिया. यातून जंतू मरत नव्हते. शरीराला झुंजायला अवधी मिळे, आणि खोकणारा माणूस घरातल्या मुलाबाळांपासून दूर राही.

आरोग्यधाम ही श्रीमंतांची चैन होती, असा आक्षेप घेतला जातो. पाचगणीपुरता तो बराचसा खरा आहे. घाटावर सहा-आठ महिने राहण्याचा खर्च गिरणी कामगाराला पेलणारा नव्हता. पण शिवडीची कहाणी वेगळी आहे. ते महापालिकेचे रुग्णालय. चाळीतल्या एका खोलीत आठ-दहा माणसे राहत त्या मुंबईसाठी ते होते. तिथल्या खाटेवर कामगाराला दोन वेळचे जेवण मिळे आणि पाळीला जावे लागत नसे. हे मर्यादित प्रमाणातच शक्य होते. रुग्ण लाखोंनी आणि खाटा हजारांनी, असा हिशेब असल्यामुळे आरोग्यधाम कितीही उत्तम चालले तरी बहुसंख्य रुग्ण त्याच्या फाटकाबाहेरच राहणार होते. या संस्थांच्या ऱ्हासाचे बीज असे त्यांच्या रचनेतच होते.

निर्णायक वळण औषधांनी आणले. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये लागला, तर आयसोनियाझिड १९५२ पासून वापरात आले. मग प्रश्न उरला तो असा : गोळ्या घ्यायच्याच असतील तर त्या रुग्णालयात राहून का घ्यायच्या? त्याचे उत्तर शोधण्यासाठी १९५६ मध्ये मद्रासला क्षयरोग औषधोपचार केंद्र स्थापन झाले. तेथे १९३ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छया विभागणी करून निम्म्यांना आरोग्यधामात आणि निम्म्यांना घरी, तीच औषधे वर्षभर दिली गेली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आरोग्यधामातील ९२ टक्के, तर घरच्या ८६ टक्के रुग्णांमध्ये रोग आटोक्यात आला. घरचे रुग्ण दाटीवाटीच्या वस्तीत राहत, त्यांचा आहार निकृष्ट होता आणि ते अधिक कष्ट करत. तरी फरक किरकोळच राहिला. घरातल्या इतरांना होणारी लागणही वाढली नाही. जगभरातील आरोग्यधामांच्या मुळावर हा प्रयोग आला. भारताने १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आखला तो घरच्या घरी उपचार हेच सूत्र धरून. बेल-एअर १९६४ मध्ये रेडक्रॉसकडे गेले आणि पुढे एचआयव्हीबाधितांच्या शुश्रूषेसाठी ओळखले जाऊ लागले. कुठे संस्थेने काम बदलले, कुठे खाटा घटल्या, कुठे कुलूप लागले. याला निव्वळ हेळसांड म्हणता येणार नाही. कमी खर्चात कितीतरी जास्त माणसे बरी होत असतील, तर खाटांवर पैसा ओतत राहणे हाच अन्याय ठरला असता.

इथे प्रतिवाद असा केला जातो : निकृष्ट आहारावरही रुग्ण बरे झाले, म्हणजे आहार गौण आहे हे मद्रासने सिद्धच केले, मग आरोग्यधामाबरोबर काही मोलाचे गेले असे का म्हणायचे? या युक्तिवादात त्या प्रयोगाची व्याप्ती नजरेआड होते. मद्रासच्या रुग्णांना औषध नियमित मिळत होते, केंद्राची माणसे घरी जाऊन पाहत होती. प्रयोगाने मोजले ते एवढेच, की औषध चुकले नाही तर जागा महत्त्वाची नाही. कोण आजारी पडतो आणि आजारात कोण दगावतो, हे वेगळे प्रश्न आहेत. त्यांचे उत्तर झारखंडमधील चार जिल्ह्यांतल्या ‘रेशन्स’ अभ्यासाने २०२३ मध्ये दिले. क्षयरोग्यांच्या घरातील दहा हजारांवर माणसांपैकी ज्यांना शिधा मिळाला त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. रुग्णांपैकी ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढले त्यांचा मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी दिसला. दूध-अंड्यांची जुनी पथ्ये जंतू मारत नव्हती, हे खरे. तरी ती निरर्थक नव्हती.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा या मुद्द्याची कसोटी घेतो. पश्चिमेला रेल्वेलगत बोईसर आणि तारापूरची औद्योगिक वसाहत. तिथला परप्रांतीय, बव्हंशी कंत्राटी कामगार भाड्याच्या खोलीत चार-सहा जणांसह राहतो. त्याच्यासाठी खाडा म्हणजे रोज बुडणे. सहा महिन्यांचे औषध फुकट असले तरी ते घेताना लागणारी विश्रांती फुकट नाही, आणि ताप उतरला की कामावर जाण्याची घाई औषधाआड येते. पूर्वेला जव्हार-मोखाडा, १९९२-९३ मधील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी तिथल्या कुपोषणाची बातमी राज्यभर पोहोचवली. भातकापणी आटोपली की वारली, कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दिवाळीत सुरू झालेला उपचार अशा घरात होळीपर्यंत एका आरोग्य केंद्राच्या वहीत टिकणे कठीण. जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय किंवा गावातली आशा कार्यकर्ती गोळी देऊ शकते. भट्टीवरची उचल ती फेडू शकत नाही. घर हेच उपचाराचे ठिकाण मानणाऱ्या धोरणाने रुग्णाला स्थिर घर आहे, असे गृहीत धरले.

तर मग आरोग्यधामे पुन्हा उघडावीत काय? औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाकडे बोट दाखवून तसे सुचवले जाते, आणि त्यात तथ्यांश आहे. मुंबईत छातीविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी अशा अतिप्रतिरोधी क्षयाच्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली तेव्हा देशभर खळबळ उडाली होती. गंभीर रुग्ण, औषधांचे तीव्र दुष्परिणाम, निराधार माणसे यांच्यासाठी शिवडीसारखी रुग्णालये लागणारच. पण दाटीच्या वॉर्डांत प्रतिरोधी जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे आणि कर्मचाऱ्यांकडे जातो. शिवडीच्या कर्मचाऱ्यांनाही क्षयाने गाठले आहे. शिवाय नवी औषधे आल्यापासून प्रतिरोधी क्षयाचा उपचारही घराकडे वळू लागला आहे. जुन्या इमारतींचे पुनरुज्जीवन हा म्हणून सर्वसाधारण उपाय होत नाही. केंद्र शासनाच्या निक्षय पोषण योजनेने २०१८ पासून रुग्णाच्या खात्यात दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये देऊ केले, ही आरोग्यधामाच्या स्वयंपाकघराची उशिरा झालेली भरपाई आहे. बुडालेल्या मजुरीची भरपाई मात्र तीत बसत नाही, आणि खोलीतल्या सोबत्यांचा किंवा भट्टीवरच्या मुलांचा आहारही नाही. आरोग्यधामांचा ऱ्हास अटळ होता आणि इष्टही. त्यांनी पार पाडलेल्या कामांपैकी औषधोपचार तेवढा वारशाने पुढे गेला, बाकीचा हिस्सा रुग्णाच्या कुटुंबाच्या माथी आला. क्षयनिर्मूलनाचे यश मोजताना वाटलेल्या गोळ्यांबरोबर हा हिस्सा कोण उचलतो तेही मोजावे लागेल.