बाहियातील अरबी कागद

ब्राझीलमधील आफ्रिकी वंशाच्या लोकांची स्थळे पाहण्यास आम्ही काही मंडळी साल्वादोर शहरी गेलो असता, बाहिया प्रांताच्या दफ्तरखान्यातील अरबी कागदांनी आमचे लक्ष विशेष वेधले. ता. २५ जानेवारी १८३५ रोजी, रमजानच्या अखेरीस, तेथील मुसलमान आफ्रिकी गुलामांनी व बंधमुक्तांनी केलेले बंड काही तासांतच मोडले गेले. झडतीत सापडलेले कागद व ताईत कटाचा पुरावा म्हणून जप्त झाले. त्यांत बहुतेक कुराणातील आयती व प्रार्थना. काही तर नवशिक्यांनी गिरविलेली अक्षरे! गुलामांविषयी धन्यांनी लिहिलेले कागद विपुल. गुलामांच्या हातचे अस्सल कागद दुर्मिळ. हे मुकदम्याच्या दप्तरात बांधले गेले म्हणूनच राहिले. रियो दि जानेइरो येथील इतिहास-भूगोल संस्थेतील लहानशी पोथी तर मृत बंडखोराच्या गळ्यात सापडलेली आहे.