आवाजाच्या चढाओढीची बखर

लढायांच्या बखरी आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण गेल्या शतकात एक लढाई अशी झाली, की जिच्यात ना तलवार उपसली गेली, ना बंदूक झाडली गेली. आणि तरीही तिचा गलबला तुमच्याआमच्या दिवाणखान्यात रोज ऐकू येतो. संगणकात साठवलेली गाणी एकापाठोपाठ एक लावून पाहा. जुने नाट्यगीत कानाशी कुजबुजते, म्हणून आपण आवाज वाढवतो; ते संपते न संपते तोच चित्रपटातले नवे गाणे अंगावर धावून येते आणि आरामखुर्चीत डुलकी घेणारे आजोबा दचकून उठतात! हा दोष गायकाचा नव्हे, यंत्राचाही नव्हे. तो इतिहासाचा आहे.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैस्बर्गने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या काळी वीज नाही, मायक्रोफोन नाही. गाणाराने कर्ण्यासमोर तोंड धरून गायचे. त्या आवाजाने पडदा थरथरायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. आवाज लहानमोठा करण्याचे साधन एकच, गाणाराने पुढे सरकावे किंवा मागे हटावे. १९२५ पासून विजेवर ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि आवाजाची कळ तंत्रज्ञाच्या हाती आली. तरी तबकडीचा स्वतःचा एक धाक होताच. मोठ्या आवाजाची रेघ रुंद हेलकावे घेते. ती शेजारच्या रेघेत घुसू नये म्हणून रेघा दूरदूर ठेवाव्या लागतात, आणि मग गाणे कमी मावते. आरडाओरडा करणाराला जागेचे भाडे भरावे लागे म्हणा ना!

आता कोणी विचारील, की आवाज मोठा करण्याचा एवढा सोस कशासाठी? त्याचे उत्तर आपल्या कानात आहे. १९३३ साली अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले, की हळू आवाजात आपल्या कानाला खर्जातले स्वर फार फिके ऐकू येतात. आवाज वाढला की ते भरून येतात. म्हणून एकच गाणे किंचित मोठ्याने लावले, तर ऐकणारा ते ‘मोठे’ म्हणत नाही, ‘चांगले’ म्हणतो. हे गुपित व्यापाऱ्यांना ठाऊक झाल्यावर चढाओढ लागणारच होती.

१९८२ साली जपानात सीडी बाजारात आली. तिच्यात आवाज आकड्यांच्या रूपाने असतो, आणि सर्वांत मोठा आकडा ठरलेला असतो. त्याच्या पलीकडे जाता येत नाही. छप्पर ठरले म्हणजे भांडण मिटेल असे वाटावे, झाले उलटेच. आवाज वर जात नाही ना, मग जमीनच वर उचला! गाण्यातले हळुवार भाग फुगवायचे, उंच लाटांचे शेंडे दाबायचे, आणि सगळे गाणे छपराला टेकवून ठेवायचे. १९९० नंतर हा प्रकार बोकाळला. २००८ साली मेटॅलिका या अमेरिकन बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा संग्रह निघाला, तेव्हा खुद्द चाहत्यांनीच तक्रार केली. कारण तीच गाणी एका व्हिडिओ-खेळात त्यांना अधिक मोकळी ऐकू आली होती.

मला यात दुःख वाटते ते कानठळ्यांचे नव्हे. विलंबित ख्यालातला पहिला षड्ज आणि द्रुतातली तान यांच्यामधले अंतर हेच तर गाण्याचे मोठेपण! ते अंतर एकदा दाबले, की पुन्हा आणता येत नाही.

या लढाईत तहाचा मसुदा मांडला तो डेव्हिड रॉबिन्सन या इंग्रज संशोधकाने, २००१ साली. त्याचे नाव ‘रिप्लेगेन’. कल्पना साधी आहे. गाण्याचे एका सेकंदाच्या विसाव्या भागाएवढे तुकडे करायचे. माणसाचा कान कोणते स्वर किती ऐकतो याचा हिशेब धरून प्रत्येक तुकड्याचा जोर काढायचा. आणि शंभरातले पंच्याण्णव तुकडे ज्या पातळीखाली राहतात, ती त्या गाण्याची पातळी मानायची. ठरलेल्या मापाहून, रूढ झाले ते ८९ डेसिबलचे, गाणे किती वर वा खाली आहे तो आकडा गाण्याच्या फायलीवर चिठ्ठीसारखा चिकटवायचा. वाजवणारे यंत्र ती चिठ्ठी वाचून आपली कळ फिरवते.

यातली खरी खुबी अशी, की मूळ गाण्याला हात लागत नाही. शहाणा शास्त्री पोथीतला मजकूर खोडत नाही. समासात टीप लिहितो. टीप चुकली तर पुसता येते, पोथी शाबूत राहते. उलट काही प्रणाल्या ‘आवाज सारखा करतो’ म्हणून फाईलच नव्याने लिहून काढतात. आजीच्या आवाजातल्या ओव्यांची घरात एकच प्रत असेल, तर तिच्यावर असला प्रयोग करू नये.

चिठ्ठीवर आकडे दोन असतात. एक त्या गाण्यापुरता, दुसरा संपूर्ण संग्रहाचा मिळून. अनेक गायकांची गाणी सरमिसळ ऐकायची असतील तेव्हा पहिला वापरावा. पण एकच मैफल तुकड्यातुकड्यांनी साठवली असेल तर दुसराच. पहिला लावला तर आलाप आणि तान एकाच उंचीवर येतात, म्हणजे जे त्या चढाओढीने केले तेच आपण घरबसल्या करतो! सोबत गाण्यातल्या सर्वांत उंच लाटेचीही नोंद असते. हळू गाणे वाढवताना ते छपराला आपटून फाटू नये म्हणून ती हवी. आणि जुन्या तबकडीवरून उतरवलेले गाणे वाढवले, की तिची खरखरही तेवढीच वाढते, हे ध्यानात ठेवावे.

पुढे २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जोर मोजण्याची पद्धत प्रमाणित केली, आणि २०१० साली युरोपातील नभोवाणी संघाने तिच्या आधारे उणे २३ ची पातळी ठरवली. रिप्लेगेनच्या नव्या आवृत्तीने तीच मोजणी घेतली, पण पातळी ठेवली उणे १८ ची. म्हणून दोन पद्धतींच्या चिठ्ठ्या एकाच संग्रहात मिसळल्या आणि यंत्राला तो फरक कळला नाही, तर पाच डेसिबलची तफावत पडते. तसेच एखाद्या गाण्याची खरखर काढली, कापाकापी केली, तर जुनी चिठ्ठी काढून नव्याने मोजणी करावी. नाहीतर बाळाच्या अंगावर मागच्या वर्षीचे अंगरखे चढवल्यासारखे होते.

या तहाचा परिणाम मात्र दूरवर झाला. आज इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या मोठ्या कंपन्या आपण होऊनच सर्वांचा आवाज एका पातळीवर आणतात. तेथे ओरडणाराला बक्षीस मिळत नाही. त्याचा आवाज खाली केला जातो, आणि दाबलेल्या गाण्याचा सपाटपणा तेवढा उघडा पडतो. मोकळा श्वास घेणारे गाणे त्याच्या शेजारी अधिक भारदस्त ऐकू येते. कुजबुजणारालाही आपल्या जागी ऐकू येण्याचा हक्क आहे, एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला एवढी वर्षे लागली. आणि ती मान्य झाली ती कोणाचा आवाज बंद करून नव्हे, समासात लिहिलेल्या एका लहानशा आकड्याने!