दाताची साक्ष

ताप्तीकाठच्या बुऱ्हाणपुरात विसाव्या शतकाच्या प्रारंभी ताप्ती मिल उभी राहिली. त्यापूर्वीच, १८९१ च्या कारखाने कायद्याने, नऊ वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास मनाई झाली होती आणि चौदा वर्षे होईपर्यंत त्याच्याकडून दिवसाला सात तासांहून अधिक काम घेता येत नसे. पण वय ठरवावयाचे कशावरून? जन्माची नोंद क्वचितच असे, आई सांगे, "मोठ्या पुराच्या साली झाला." तेव्हा वय प्रमाणित करणारे सर्जन मुलास तोंड उघडावयास सांगत. ही युक्ति विलायतेतून आलेली. एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने १८३७ मध्ये तेथील पार्लमेंटपुढे मांडले होते, की वय ओळखण्यास उंचीपेक्षा दात अधिक विश्वासू.

दुधाचे दात वीस. सहाव्या वर्षाच्या सुमारास खालून नवा दात वर सरकू लागतो, तसतसे जुन्याचे मूळ विरून जाते. म्हणूनच पडलेला दात बिनमुळाचा दिसतो. त्याच सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ येते. ती कोणाच्याही जागेवर येत नाही. आपल्याकडे दातास 'द्विज' हे नाव आहेच. काश्यपसंहितेने तर बत्तिसांपैकी आठ दात एकदाच येतात व बाकीचे दोनदा, असा हिशेब मांडला आहे. आजच्या गणनेने एकदाच येणारे बारा. तरीही त्या काळचे निरीक्षण कौतुकास्पदच म्हटले पाहिजे.

आता खरी अडचण पाहा. बाराव्या वर्षाच्या आसपास दुसरी दाढ येते आणि त्यानंतर अक्कलदाढेपर्यंत, म्हणजे सतराव्या वर्षापर्यंत किंवा त्याहूनही पुढे, तोंडात नवे काही घडत नाही. कायद्याची रेषा मात्र चौदावर! बारा वर्षांच्या मुलाची दाढ लवकर आली, तर त्याला प्रौढ ठरवून दिवसभर यंत्रापुढे उभे करण्यास दाताची आडकाठी नव्हती. उलट, खरोखर पंधरा वर्षांचा पण उशिरा दात आलेला मुलगा अर्ध्या मजुरीवर राही. मुलींचे दात बहुधा लवकर येतात, हेही या मोजमापात फारसे जमेस धरले जात नसावे.

१९२२ मध्ये कामावर घेण्याची मर्यादा बारा वर्षांवर गेली, १९४८ मध्ये चौदावर. १९६९ च्या कायद्याने जन्माची नोंद सर्वत्र सक्तीची केली. बालन्यायाच्या २०१५ च्या कायद्यात शाळेचा वा जन्माचा दाखला प्रथम पाहावयाचा असतो. दोन्ही नसतील, तरच वैद्यकीय तपासणीची पाळी येते.