११,१७२ अक्षरांची गोष्ट

मंडळी, आज थोडे गणित आणि बराचसा इतिहास. बाराखडी शिकवताना 'एका व्यंजनाची अक्षरे किती?' असे मी मुलांना हटकून विचारायचो. 'बारा!' असा गलका व्हायचा. पुढे 'कार्त्स्न्य'सारखी जोडाक्षरे निघाली की आपली मोजदाद आटोपतेच. कोरियन लिपीत मात्र उत्तर अगदी नेमके येते.

सेजोंग राजाने ही लिपी १४४३ साली रचली आणि १४४६ साली जाहीर केली. चिनी अक्षरे शिकणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे, म्हणून ही खटपट. तीत आरंभीचे व्यंजन, स्वर आणि शेवटचे व्यंजन एकाच चौकोनात बसवतात. आज आरंभीची व्यंजने १९, स्वर २१ आणि शेवटची व्यंजने, त्यांच्या जोड्या धरून, २७. शेवटी काहीच नसणे हा २८वा पर्याय. १९ × २१ × २८ = ११,१७२. (अक्षर स्वराने सुरू होत असेल तर व्यंजनाच्या जागी नुसता गोल काढतात. तोच गोल शेवटी आला की 'ङ'! १९ मध्ये तोही आला.) वापरातून गेलेली जुनी चिन्हे धरली तर आकडा सोळा लाखांच्या वर जातो.

यातला दुखरा भाग पुढेच आहे. १९८७ साली दक्षिण कोरियाने संगणकासाठी प्रमाण अक्षरसंच ठरवला. त्यात नेहमीच्या वापरातली फक्त २,३५० अक्षरे घेतली. बाकीची ८,८२२ बाहेर! १९९० साली एका दूरचित्रवाणी मालिकेच्या नावातले पहिलेच अक्षर, 'त्तोम', त्या संचात नव्हते. मालिकेचे सोडा हो, पण वगळलेले अक्षर स्वतःच्या नावातच असेल, त्याने काय करावे? राजाने प्रजेच्या हाती दिलेली वस्तू यादी करणाऱ्यांनी अर्धीमुर्धी काढून घेतली, असे मला तरी वाटते.

युनिकोडमध्येही आधी ६,६५६ अक्षरांपर्यंतच मजल गेली होती. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळी ११,१७२ ओळीने मांडली. त्यासाठी आधीची अक्षरे जुन्या जागांवरून उठवावी लागली आणि तिथे साठवलेला मजकूर नव्याशी जुळेना. मग एकदा दिलेली जागा पुन्हा बदलायची नाही, असा नियमच झाला.

नवी मांडणी मात्र गणिताच्या मास्तराला आवडेल अशी. आरंभीच्या प्रत्येक व्यंजनाला २१ × २८, म्हणजे ५८८ जागा, आणि त्यातल्या प्रत्येक स्वराला २८. त्यामुळे कोणत्याही अक्षराची जागा नुसत्या गुणाकार-बेरजेने काढता येते. त्यातली कित्येक अक्षरे आज कोणत्याच शब्दात येत नाहीत. जागा त्यांनाही दिलेली आहे.