प्रचरणाची कसोटी आणि नमुन्याचा आकार : सुखात्मे यांच्या कार्याच्या संदर्भात

मुरुडचे धोंडो केशव कर्वे १८९१ ते १९१४ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असत. त्याच महाविद्यालयातून १९३२ मध्ये पदवी घेऊन पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला गेले. तेथे नेमन व पिअर्सन यांच्या विचारसरणीत त्यांची घडण झाली. या दोघांनी १९३३ मध्ये असे प्रतिपादन केले की, सत्य परिकल्पना चुकून त्याज्य ठरण्याचा संभव ठरविणे पुरेसे नाही. असत्य परिकल्पना उघडकीस आणण्याचे कसोटीचे सामर्थ्यही पाहिले पाहिजे.

प्रचरणाच्या बाबतीत हे तत्त्व विशेष कठोर ठरते. समष्टी प्रसामान्य असेल, तर नमुन्यातील वर्गविचलनांच्या बेरजेस गृहीत प्रचरणाने भागले असता काय-वर्ग वितरण मिळते. प्रचरण वाढले आहे काय, याची ५ टक्के पातळीवरील एकतर्फी कसोटी घेऊ. खरे प्रचरण गृहीताच्या दुप्पट असूनही १० निरीक्षणांच्या नमुन्यात ते ध्यानात येण्याचा संभव सुमारे ४९ टक्केच असतो, म्हणजे नाणेफेकीइतका. सामर्थ्य ८० टक्क्यांवर नेण्यास २६ निरीक्षणे लागतात. शिवाय समष्टी प्रसामान्य नसल्यास ही कसोटी फसवी ठरते, हे बॉक्स यांनी १९५३ मध्ये दाखविले.

सुखात्मे यांच्यापुढील प्रश्न याच्याशी निगडित, पण निराळा होता. स्तरित नमुन्याची इष्टतम वाटणी स्तरांच्या प्रचरणांवर अवलंबून असते, हे नेमन यांनी १९३४ मध्ये मांडले. परंतु ती प्रचरणे अज्ञात असतात. छोट्या प्राथमिक नमुन्यावरून ती अनुमानल्यास लाभ टिकेल काय? सुखात्मे यांचा १९३५ मधील निष्कर्ष असा की, अशी वाटणीही बहुधा प्रमाणशीर वाटणीहून सरस ठरते. कारण उघड आहे : इष्टतम बिंदूजवळ वाटणीतील अल्प चुकीने अचूकता फारशी ढळत नाही.

पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीक-उत्पन्नाचे अंदाज यादृच्छिक नमुन्यांवरून काढताना सुखात्मे यांच्यापुढे हाच विचार होता. अन्नधान्याच्या टंचाईच्या त्या दिवसांत अंदाजातील चूक केवळ कागदावरची नव्हती. पानसे यांच्यासह त्यांनी लिहिलेला, कृषी-कार्यकर्त्यांसाठीचा ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. तात्पर्य, छोट्या नमुन्यावरील प्रचरणाचा अंदाज नियोजनास उपयोगी पडतो; निवाड्यास मात्र तो अपुरा पडतो. कसोटीने फरक दाखविला नाही, म्हणून फरक नाही असे मानण्यापूर्वी सामर्थ्य मोजणे अगत्याचे आहे.