दुसऱ्या दांडीची कुळकथा

हैदराबादेत सुलतान बाजारातून बडी चावडीकडे सरकणाऱ्या गर्दीत, कॅरिअरवर कापडाचे गठ्ठे रचलेली आणि धन्याने पायी ढकलीत नेलेली काळी, धिप्पाड सायकल आडवी आली, की माझी नजर मालावरून घसरून बैठकीपुढील दोन दांड्यांवर स्थिरावते. ही दुसरी दांडी, म्हणजे बाजारातला ‘डबल बार’, ओझ्यासाठीच जन्मास आली, असा सार्वत्रिक समज आहे. मला तो मुळीच मान्य नाही.

तिचे गोत्र उंचीचे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विलायती कारखानदार लांब पायांच्या गिऱ्हाइकांसाठी 26 आणि 28 इंची फ्रेमी करीत, आणि अशा फ्रेमीत हँडलखालची नळी लांबून पुढला त्रिकोण सरळसरळ चौकोन होत असल्याने, त्या चौकोनास आवळण्याकरिता वरच्या दांडीखाली आणखी एक घालीत. आमचा सुलतान बाजार 1933 साली निजामाच्या सुपूर्द होईपर्यंत रेसिडेन्सी बाजार या नावाने इंग्रजी अंमलाखाली होता. तेव्हा उंच साहेबाची सायकल येथे जुनी होऊन हमालीस लागली आणि दांडीसकट तिचा कित्ता गिरवला गेला, असे मी बेलाशक समजतो.

प्रतिपक्ष म्हणेल, दूधवाल्यांच्या कॅनांनी ती आणली. पण हिशेब पाहा. लादलेल्या सायकलीची फ्रेम उभ्या दिशेने फारशी वाकत नाही. ती पिळवटते, म्हणजे मागचा भार एकीकडे झुकला की हँडल दुसरीकडे ओढ घेते आणि उतारावर सारी सायकल थरथरू लागते. एकीऐवजी 1 इंची दोन नळ्या घातल्या, तर वजनाबरोबर ताठपणाही दुप्पट होतो. उलट तेवढ्याच जाडीच्या पत्र्याची 1¼ इंची एकच नळी घेतली, तर ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात, सुमारे 1.95 पट, वाढतो आणि वजन केवळ सव्वापट होते. निव्वळ ओझ्याचा विचार करणाऱ्याने दोन नळ्या कशास घातल्या असत्या? इंची नळीचे सांधे तयार होते, ते पितळेने डाखण्याची सवय होती. वारसा टिकला तो एवढ्यावरच.

लवचीकपणाचे घराणे वेगळे. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स या खिळे घडविणाऱ्या घराण्याने टोकांशी जाड व मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट 1897 साली घेतले; त्यांचे सुप्रसिद्ध ‘531’ पोलाद 1935 चे. गंमत अशी, की उंची पोलाद साध्याहून बळकट असते, ताठ नसते. बळाच्या भरवशावर नळी पातळ करता येते आणि म्हणून ती अधिक लवते. रिकाम्या स्वारास हे लवणे सुखावते. चार पिशव्या लादून मुलखावर निघणाऱ्यास तेच अंगलट येते, आणि त्याने आपले सुख फ्रेमीत न शोधता रुंद टायरांत शोधावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओझ्याचे औरस अपत्य पाहायचेच असेल, तर मागल्या चाकाच्या आसापासून कॅरिअरपर्यंत गेलेल्या जाड सळ्या पाहाव्यात, किंवा पुढल्या चिमट्यास लोहाराकडून बसवून घेतलेले जोड आधार.