वार्धक्य आणि पायपीट

आपल्या सुशिक्षित समाजांत मनुष्य नोकरींतून निवृत्त झाला, कीं त्याला समारंभपूर्वक शाल, श्रीफळ आणि पुष्कळदां एक सुबकशी काठी मिळते. "आतां विश्रांति घ्या," असा उपदेश जो तो करतो. मनुष्य तो मनावर घेतो. आणि पुढें थोड्याच वर्षांत कोपऱ्यांत ठेवलेली ती काठी खरोखरच हातीं धरावी लागते. माझ्या स्वतःच्या निवृत्तीस आतां फार वर्षें उरलेलीं नाहींत. म्हणून विश्रांतीच्या या कल्पनेचा इतिहासाच्या आधारें थोडा विचार करावा, असें मनांत आलें.

या संबंधांत प्रथम डोळ्यांपुढें उभे राहतात ते धोंडो केशव कर्वे. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. पोरवयांत परीक्षेसाठीं ते कोंकणांतील मुरुडहून घाट चढून साताऱ्यास पायीं गेले, आणि वयानें लहान दिसतात या कारणास्तव त्यांना परीक्षेस बसूं दिलें गेलें नाहीं, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु ती तारुण्यांतील गोष्ट झाली. १९०० सालीं विधवांचा आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडींत गेला, तेव्हां अण्णासाहेब बेचाळिशींत होते. फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवावें, काम आटोपतांच आश्रमाला लागणारें सामान घेऊन चार-एक मैलांची वाट चालावी, असा त्यांचा क्रम असे. पावसाळ्यांत त्या वाटेवर चिखल किती होत असेल, याची कल्पना जुन्या पुणेकरांस सहज येईल.

१८९१ ते १९१४ अशी २३ वर्षें त्यांनीं फर्ग्युसनमध्यें अध्यापन केलें. त्यानंतर ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं वयाच्या १०५ व्या वर्षीं देहावसान होईपर्यंत ४८ वर्षें गेलीं. महिला विद्यापीठ १९१६ सालचें. १९२९ मध्यें, सत्तरी उलटल्यावर, परदेशचा प्रवास. आणि १९३६ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठीं नवें मंडळ! निवृत्ति हा शब्द त्यांच्या चरित्रांत बसवावा तरी कोठें?

दुसरें उदाहरण विनोबा भावे यांचें. १९५१ च्या मार्चमध्यें ते पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीस, सुमारें तीनशें मैल, पायीं निघाले, तेव्हां त्यांचें वय ५५ होतें. म्हणजे आपल्याकडे पेन्शनचे कागद तयार करण्याचें वय. प्रकृतिही मुळांत बळकट नव्हती. १८ एप्रिल रोजीं पोचमपल्ली येथें भूदानाचा आरंभ झाला. त्याच दिवशीं अण्णासाहेब ९३ वर्षांचे झाले, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. पुढें सुमारें तेरा वर्षें विनोबा गांवोगांव चालत राहिले.

येथें इतिहासाच्या अभ्यासकानें सावध राहिलें पाहिजे. कर्वे चालले आणि शंभरी ओलांडून जगले, एवढ्यावरून चालण्यानेंच जगले असें म्हणतां येत नाहीं. दोन थोर पुरुषांच्या चरित्रांतून आरोग्याचा सिद्धांत निघत नसतो. त्यासाठीं सामान्य माणसांची मोठी संख्या तपासावी लागते. आणि तें काम लंडनमध्यें डॉक्टर जेरी मॉरिस यांनीं केलें. तेथील दुमजली बसगाड्यांवर ड्रायव्हर दिवसभर बसून असे, तर कंडक्टर तिकिटें देण्यासाठीं जिना चढत-उतरत असे. वर्ग एकच, नोकरी एकच. भेद काय तो हालचालीचा. ३५ ते ६४ वयाच्या सुमारें ३१ हजार नोकरांची ही पाहणी १९५३ मध्यें प्रसिद्ध झाली. कंडक्टरांत हृदयविकार कमी, आणि झालाच तर सौम्य, असें आढळलें. टपाल वाटणारे पोस्टमन आणि कचेरींत बसणारे कारकून यांच्यांतही असाच फरक निघाला. पण मॉरिस स्वतःच्या निष्कर्षावर भाळले नाहींत. १९५६ सालीं त्यांनीं गणवेशाच्या विजारींचीं मापें तपासलीं, तों ड्रायव्हरांच्या कमरा आधींपासूनच मोठ्या होत्या असें दिसलें! अर्थात् सर्व श्रेय जिन्यास देतां येईना. तथापि पुढील संशोधनानें मूळ विचारास बळकटीच आली. मॉरिस स्वतःही नेमानें व्यायाम करीत, आणि २००९ मध्यें ९९ व्या वर्षीं वारले.

या सर्वांत मला एक सूत्र दिसतें. अण्णासाहेब हिंगण्यास व्यायामासाठीं जात नव्हते. विनोबांना जमीन मागावयाची होती. कंडक्टरास तिकिटें द्यावयाचीं होतीं. त्यांचे पाय कामाला बांधलेले होते. आपलेही थोडेबहुत बांधलेले असतात. निवृत्तीच्या दिवशीं ती गांठ सुटते, आणि धोका तेथेंच आहे. पगार जातो त्याची तरतूद आपण वीस वर्षें आधींपासून करतों. पायांची करीत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलेलें प्रमाण आठवड्यास किमान १५० मिनिटें मध्यम श्रमांचें आहे. म्हणजे पांच दिवस रोज अर्धा तास झपझप चालणें. पासष्टीपुढील माणसांनीं तोल आणि शक्ति राखणारा व्यायामही आठवड्यांतून तीन दिवस करावा, असें ती म्हणते. ज्यांचे गुडघे वा हृदय दुखावलेलें आहे त्यांनीं वैद्याच्या सल्ल्यानें बेताबेतानें करावें. पण नुसता नेम चार दिवसांत कंटाळवाणा होतो. म्हणून प्रत्येकानें चालण्याला एखादें काम जोडून द्यावें: नातवाची शाळा, मंडई, वाचनालय, आजारी स्नेह्याचें घर. ज्याची कोणी वाट पाहत आहे, त्याचें चालणें सहसा चुकत नाहीं.

मला निरोप देतांना काठी मिळालीच, तर ती मी आदरानें स्वीकारीन. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं ती घरींच ठेवून हिंगण्याच्या वाटेला लागेन.